पॅड बदलले आणि बास गेला: हेडफोनच्या आवाजात पॅडचा वाटा किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत राहणारे एक जण लग्नाचे व्हिडिओ एडिट करतात. त्यांचा ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम५०एक्स हा हेडफोन तीन वर्षं रोजच्या वापरात आहे. मूळ पॅडचे पापुद्रे निघायला लागले म्हणून त्यांनी ६५० रुपयांचे जाड वेलूरचे, म्हणजे मखमलीसारख्या कापडाचे पॅड मागवून बसवले. त्या दिवसापासून बास गायब, निवेदनातला 'स' टोचतो आणि वरातीतली हलगी कपाळात जाते. ऑटोईक्यूचं, म्हणजे हेडफोनच्या मोजमापावरून बनवलेलं इक्वलायझरचं (सूर कमी-जास्त करण्याचं) तयार सेटिंग घालून पाहिलं तर आणखीच विचित्र झालं. ते चष्मा लावतात. पॅडची जाडी त्यांनी पट्टीने मोजून दिली आहे: जुना १२ मिलिमीटर, नवा २५. विचारणं तीन गोष्टींचं आहे. ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग) गेला का, इक्वलायझरने भागेल का, आणि पॅड कोणता घ्यावा.

मापं दिलीत हे फार चांगलं केलंत. निम्मं उत्तर त्या दोन आकड्यांत आहे.

आधी ड्रायव्हरचं. तो शाबूत असण्याची शक्यता खूप जास्त आहे. ड्रायव्हर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा एकाच बाजूला होतो. एका कानात खरखर येते, ठरावीक सुरावर भुणभुण येते किंवा एक बाजू बारीक वाजते. तुमच्याकडे दोन्ही बाजू एकाच दिवशी, एकाच तऱ्हेने बदलल्या, आणि त्या दिवशी बदललेली वस्तू एकच आहे. नवा ॲम्प्लिफायर घ्यावा असाही विचार मनात असेल तर तो सोडा. एम५०एक्स ३८ ओहमचा आहे, लॅपटॉपच्या जॅकवर तो नीट वाजतो.

आता मूळ मुद्दा. पॅडला आपण कानाची गादी समजतो, म्हणून तो निवडताना मऊपणा, दिसणं आणि किंमत बघतो. पण ड्रायव्हरचा पडदा आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामध्ये जी छोटी खोली असते, तिच्या चारी भिंती म्हणजे पॅड. खोली केवढी, भिंती गुळगुळीत की मऊ, कडेने फट आहे की नाही, यावर आवाज ठरतो. ड्रायव्हर नुसती हवा हलवतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा जरासा सरकवला की जवारी, म्हणजे तारेची ती झणकार, बसते किंवा जाते, तार तीच, भोपळा तोच. मिरजेत तंबोरा करणाऱ्या कारागिराला हे समजावून सांगावं लागत नाही. हेडफोनमध्ये त्या दोऱ्याचं काम पॅड करतो, आणि कंपनीने हेडफोन ट्यून केलेला असतो तो तिच्या स्वतःच्या पॅडसकट.

बास का गेला ते बघू. सायकलच्या पंपाच्या तोंडावर बोट सैल धरा. दांडा सावकाश दाबला तर हवा बोटाच्या कडेने निसटते, दाब जाणवतच नाही. झटक्याने दाबला तर तेवढ्याच फटीतून निघायला हवेला वेळ मिळत नाही आणि बोटावर दणका बसतो. हेडफोनच्या कपातही हेच होतं. ५० हर्ट्झच्या सुरात पडदा एका दिशेला १० मिलिसेकंद ढकलत राहतो, तेवढ्या वेळात हवा फटीतून निघून जाते. ५००० हर्ट्झला तीच ढकल ०.१ मिलिसेकंदात संपते, फट असली काय नि नसली काय. म्हणून गळती नेहमी खालून खाते. फट लहान असेल तर ४०-५० हर्ट्झच्या खालचं जातं. मोठी असेल तर २०० हर्ट्झपर्यंत सगळं पातळ होतं. कधी कधी फटीतली हवा आणि कपातली हवा मिळून एक छोटा घुमारा तयार होतो, मग खालचा बास गेलेला असतो आणि १०० ते २०० हर्ट्झमध्ये कुठेतरी फुगवटा येतो. ऐकणाऱ्याला वाटतं बास आहे, पण तो पोकळ वाटतो, डब्यातून आल्यासारखा.

तुमच्याकडे गळतीला दोन वाटा आहेत. पहिली वाट खुद्द वेलूरची. त्या कापडातून आणि खालच्या उघड्या छिद्रांच्या फोममधून हवा आरपार जाते. दुसरी चष्म्याच्या दांडीची. दांडी पॅडला डोक्यापासून उचलून धरते आणि तिच्या वर-खाली दोन बारीक त्रिकोणी फटी राहतात. बंद कपाच्या हेडफोनमध्ये नुसत्या जाड दांडीच्या चष्म्याने १०० हर्ट्झखाली ५-६ डेसिबल सहज उतरतात. जाड पॅड फोमच्या दर्जाप्रमाणे कधी कडकही असतो. कडक फोम दांडीभोवती बसत नाही, मग या फटी वाढतात.

वेलूर वाईट असा याचा अर्थ घेऊ नका. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो बंद कपाचा असून कारखान्यातूनच वेलूरचे पॅड घालून येतो, आणि त्याचा बास भरपूर आहे. कारण त्या पॅडमधून किती हवा जाते हे धरूनच त्याची जुळणी झालेली आहे. त्याच्यावर कोणी चामड्याचे पॅड चढवले तर त्याचाही आवाज बिघडतो, फक्त उलट्या दिशेने. एम५०एक्सची जुळणी न गळणाऱ्या, कृत्रिम चामड्याच्या पॅडवर झाली आहे. त्याच्यावर हवा सोडणारा पॅड चढवला की हिशोब चुकतो.

गळती पूर्ण थांबवली तरी तुमचा बास पूर्वीइतका येणार नाही, आणि याचं कारण जाडी. पंपाचंच उदाहरण पुढे न्या: तेवढीच हवा लहान डब्यात कोंबली तर दाब जास्त, मोठ्या डब्यात कमी. कागदावर हिशोब असा की बंद जागा दुप्पट झाली की खालच्या सुरांचा दाब ६ डेसिबलने उतरतो. प्रत्यक्षात कानाची पाळी काही जागा व्यापते, फोमही थोडी हवा आत घेतो, म्हणून आकडा नेमका तेवढा येत नाही. पण १२ मिलिमीटरवरून २५ वर जाणं म्हणजे जागा दुपटीच्या आसपास जाणं, हे उघड आहे.

इथे जुन्या पॅडबद्दलही बोललं पाहिजे. १२ मिलिमीटर ही एम५०एक्सच्या नव्या पॅडची जाडी नव्हे. तीन वर्षांत फोम चेपत चेपत तिथे आला. फोम चेपला की कान ड्रायव्हरजवळ सरकतो, जागा घटते आणि बास हळूहळू फुगतो. रोज थोडा थोडा फुगल्यामुळे कळत नाही, तोच आवाज कानाला खरा वाटायला लागतो. म्हणून अगदी कंपनीचे मूळ नवे पॅड बसवले तरी पहिले काही दिवस 'बास कमी झाला' असंच वाटणार. ही तक्रार मी फार वेळा ऐकतो आणि तिच्यावर उपाय करायचा नसतो. कानाला आठवडाभर द्यावा लागतो.

आता टोचणारा 'स'. आवाज हवेत सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अर्धी लाट नेमकी बसली की तिथे उंचवटा तयार होतो. ड्रायव्हरची जाळी एक भिंत, डोक्याची बाजू दुसरी. १२ मिलिमीटरला हा हिशोब १४ किलोहर्ट्झच्या वर जातो. तिथे माणसाच्या बोलण्यात जवळपास काहीच नसतं, म्हणून त्रास होत नव्हता. २५ मिलिमीटरला तो ६.९ किलोहर्ट्झवर येतो. डोक्यावर दाबून पॅड २१-२२ मिलिमीटर झाला असं धरलं तरी ८ च्या आसपास. आणि मराठी निवेदनातला 'स' नेमका ५ ते ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात जोर धरतो. हलगीवर बारीक काडी पडते तेव्हाचा कडकडाटही तिथपर्यंत पोचतो. कानाची पाळी सपाट भिंत नाही, त्यामुळे उंचवटा एकटा येत नाही, जवळपास दऱ्याही येतात, आणि प्रत्येकाच्या कानाप्रमाणे जागा थोडी सरकते. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा चुकत नाही.

इथे एक विरोधाभास वाटेल. वेलूर तर वरचे सूर शोषतो म्हणतात, मग टोचतं कसं? शोषतो हे खरं. आतली भिंत कापडाची असली तर गुळगुळीत चामड्यापेक्षा परावर्तन कमी होतं. पण तुमचा कान सगळं तुलनेने ऐकतो. बास ६ ते १० डेसिबल उतरला की वरचं सगळं त्या मानाने उघडं पडतं. शिवाय बास ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला जातो, तो वरच्या सुरांसकट वाढतो. दिवसभर एडिटिंग करणाऱ्यासाठी हे धोक्याचंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस प्रौढांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे. बास शोधत व्हॉल्यूम वर नेणारा माणूस ती मर्यादा नकळत ओलांडतो.

हे सगळं माझं म्हणणं झालं. तुमच्या हेडफोनवर यातलं काय किती लागू आहे हे तुम्ही अर्ध्या तासात घरी ठरवू शकता. चष्मा काढून ठेवा. फोनवर सूर वाजवणारं कोणतंही मोफत ॲप घ्या आणि ४० हर्ट्झचा सूर अगदी हळू वाजवा. दोन्ही तळहातांनी कप डोक्यावर सावकाश दाबा. झटका देऊ नका, कपात अचानक दाब वाढला की पडदा चुरगळल्यासारखा कडकडतो. दाबल्याबरोबर सूर एकदम भरला आणि सोडल्यावर ओसरला तर गळती आहे. मग चष्मा लावून तेच करा. दोन्ही वेळच्या फरकावरून कापडाची गळती किती आणि दांडीची किती ते वेगळं कळतं. दाबूनही फारसा फरक पडला नाही तर दोष गळतीपेक्षा जाडीत जास्त आहे.

त्यानंतर एका कपावर जुना फाटका पॅड आणि दुसऱ्यावर नवा बसवा आणि निवेदनाचा एखादा तुकडा मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज येईल असा, वाजवा. पॅड बदलायला दोन-चार मिनिटं जातात आणि आवाजाची बारीक आठवण काही सेकंदांच्या पलीकडे टिकत नाही, म्हणून आधी-नंतरच्या तुलनेवर भरवसा ठेवता येत नाही. ही पद्धत दोन्ही आवाज एकाच क्षणी समोर आणते. एकदा ऐकलं की हेडफोन उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर, म्हणजे तुमच्या दोन कानांमधला फरक त्यात मिसळणार नाही.

ऐकायला काय लावायचं हेही महत्त्वाचं आहे. मला तंबोरा फार उपयोगी वाटतो. पुरुषाच्या काळी एक पट्टीतल्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो आणि जवारीची वलयं पार वरपर्यंत जातात. एकाच वाद्यात खालचं टोकही मिळतं आणि वरचंही, आणि ते मिनिटभर एकसारखं चालू राहतं. गळती असेल तर खर्जाची तार बाकीच्या तारांच्या मागे जाते. वर उंचवटा असेल तर जवारीतला एकच धागा सुटून चमकायला लागतो. दुसरा तुकडा तबल्याचा घ्या, डग्ग्याची मींड वरून खाली उतरताना मधेच कुठे बारीक होते का ते ऐका. तिसरा, साध्या बोलण्याचा. बँड आणि डीजेची रेकॉर्डिंग तपासणीला घेऊ नका, त्यांचा बास मुळातच ठोकून वाढवलेला असतो.

पॅड कोणता घ्यायचा याचं सरळ उत्तर: कंपनीचा मूळ पॅड मिळत असेल तर तोच. तुम्ही या हेडफोनवर काम करता, दुसऱ्यांच्या लग्नाचा आवाज त्यावर ठरवता. अशा वेळी ओळखीचा, ज्याची मापं सगळीकडे उपलब्ध आहेत असा आवाज लागतो. मूळ मिळालाच नाही तर जाडी १८ ते २० मिलिमीटर, आतलं भोक मूळ पॅडइतकंच, बाहेरचं आवरण अखंड, सच्छिद्र नव्हे, आणि आत सावकाश वर येणारा मेमरी फोम. बोटाने दाबून सोडल्यावर तो दोन-तीन सेकंद घेऊन भरतो. चष्म्याच्या दांडीभोवती हाच फोम नीट बसतो, कडक फोम बसत नाही. आतल्या बाजूला कापड आणि डोक्याला लागणाऱ्या बाजूला चामडं असा मिश्र पॅडही चालतो. त्यात वरचे सूर थोडे निवतात आणि गळती मात्र वाढत नाही. आतल्या भिंतीला छिद्रं असलेला पॅड घेताना लक्षात ठेवा की त्या छिद्रांमागचा फोमही खोलीत सामील होतो, म्हणजे जागा दिसते त्यापेक्षा मोठी.

मेंढीच्या खऱ्या चामड्याचे पॅड छान बसतात आणि टिकतात. पण ते अनेकदा जाड येतात, तेव्हा विकत घेण्याआधी जाडी विचारा. एक सूचना खास आपल्या गावासाठी. चप्पल लाईनला ओळख आहे, तिथून चामडं आणून पॅड शिवून घेऊ, असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. कोल्हापुरीचं चामडं जाड, ताठ आणि पायाखाली टिकण्यासाठी कमावलेलं असतं. जबड्याच्या उतारावर ते वळत नाही आणि कानाखाली फट राहतेच. सीट कव्हरच्या रेक्झिनचंही तसंच. पॅडला बोटाच्या चिमटीत सहज चुणी पडेल इतकं पातळ चामडं लागतं.

बसवताना होणाऱ्या चुका पॅडच्या दर्जाइतक्याच नडतात. एम५०एक्सच्या पॅडला मागे एक झालर असते, ती कपाच्या कडेच्या खाचेत चारी बाजूंनी जायला हवी. खालच्या टोकापासून सुरुवात करा, झालर खाचेत अडकवा आणि जुनं प्लॅस्टिकचं कार्ड खाचेत घालून कडेकडेने फिरवत न्या. शेवटची दोन बोटं जागा घट्ट लागते, तिथे ओढाताण न करता पॅड थोडा गोल फिरवला की बसतो. स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका. तो एकदा निसटला तर जाळीतून थेट पडद्यात जातो आणि मग खरोखरच नवा ड्रायव्हर लागतो. बसल्यावर बोट कडेने फिरवून बघा. झालर एक सेंटिमीटर जरी बाहेर राहिली असेल तर महागातला पॅडही गळेल. स्वस्त पॅडमध्ये आणखी एक गोष्ट बघायची: ड्रायव्हरवर येणारं आतलं कापड. कधी ते इतकं दाट असतं की वरचे सूर दोन-तीन डेसिबल खातं. कधी पॅडचा मागचा भाग इतका रुंद असतो की ड्रायव्हरभोवतीची बारीक छिद्रंच झाकली जातात.

ती छिद्रं म्हणजे कंपनीच्या ट्यूनिंगचा कणा. ड्रायव्हर ज्या पट्टीवर बसतो त्या बॅफलला भोकं ठेवतात आणि त्यांवर पातळ कागद किंवा विणलेली जाळी चिकटवतात. किती हवा पुढून मागे जाऊ द्यायची हे त्यावरून ठरतं. कपाच्या आतला कापूस किंवा फोम मागचं परावर्तन मारतो. ड्रायव्हरसमोरचं पातळ कापड वरच्या सुरांचा जोर आवरतो. ज्यांना हात घालून बघायचं असतं ते फोस्टेक्स टी५०आरपी घेतात. त्या हेडफोनवर अशा बदलांचे प्रयोग जगभर झालेले आहेत. त्यातला एक साधा प्रयोग म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारी कागदी मायक्रोपोर टेप. हवा अडवते पण पूर्ण बंद करत नाही, एक थर, दोन थर असं मोजून वाढवता येतं आणि काढताही येते. तुमच्या कामाच्या हेडफोनवर मात्र छिद्रांना हात लावू नका. टोचरेपणा शेवटी थोडा उरलाच तर एवढं करा: २ मिलिमीटर जाडीचा, तोंडाने फुंकल्यावर हवा सहज आरपार जाईल असा फोम ड्रायव्हरच्या जाळीएवढा गोल कापा आणि पॅडच्या आत नुसता ठेवा, चिकटवू नका. दोन्ही बाजूंना एकाच तुकड्यातून कापलेला. पटला नाही तर काढला, काही बिघडत नाही.

आता इक्वलायझर. ऑटोईक्यूच्या सेटिंगने आवाज बिघडला यात आश्चर्य नाही. ते सेटिंग मूळ पॅड बसवलेल्या एम५०एक्सच्या मोजमापावरून तयार झालेलं असतं. ते बहुतेक वेळा हरमन या ऑडिओ कंपनीच्या वक्राकडे, म्हणजे कोणता सूर किती मोठा वाजावा याच्या आलेखाकडे नेतं. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी हरमनमध्ये श्रोत्यांवर चाचण्या घेऊन हा वक्र मांडला आणि २०१३ पासून पुढे सुधारत नेला, कानावर बसणाऱ्या हेडफोनसाठी २०१८ ची आवृत्ती जास्त वापरली जाते. चांगल्या खोलीत चांगले स्पीकर जसे ऐकू येतील तसं हेडफोनने वाजावं, ही त्यामागची कल्पना. म्हणून त्यात बासला हलका उठाव आहे आणि ३ किलोहर्ट्झजवळ दहाएक डेसिबलचा डोंगर आहे, कारण कानाची पाळी आणि नळी मिळून खरोखरच तिथे आवाज उचलतात. तुमच्या हेडफोनची आजची अवस्था त्या मोजमापापेक्षा पूर्ण वेगळी आहे. म्हणजे दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा तुम्ही लावून बघितलात.

पण इक्वलायझरने बास नुसता वाढवला तर काय बिघडतं, असा प्रश्न उरतो. गळती स्थिर नसते. तुम्ही मान वळवली, बोललात, चष्मा वर सरकवला की फट बदलते आणि तिच्याबरोबर बास बदलतो. डाव्या-उजव्या बाजूची फट तर कधीच सारखी नसते. वाढवलेला ८ डेसिबलचा बास एका क्षणी जेमतेम पुरतो आणि दुसऱ्या क्षणी, फट मिटली की, ढोलासारखा आदळतो. तिकडे पडद्याला मात्र सतत अडीच पट लांब हालचाल करावी लागते, त्याने आवाज फाटतो. वरच्या दऱ्यांचंही तसंच. ज्या ठिकाणी परावर्तन एकमेकांना खोडून काढतं तिथे कितीही भर घातली तरी खड्डा भरत नाही.

त्यामुळे क्रम असा ठेवा: आधी गळती, मग जाडी, मग आतला मऊपणा, आणि सगळ्यात शेवटी इक्वलायझर. योग्य पॅड बसल्यावर विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि त्यावर पीस हे दोन्ही मोफत आहेत, अँड्रॉइडवर वेव्हलेट चालतं. १०५ हर्ट्झवर लो शेल्फ (त्याखालचं सगळं एकत्र उचलणारा फिल्टर), फार तर ३ डेसिबल. जेवढं वाढवाल तेवढंच प्रीअँप, म्हणजे एकूण आवाजाची पातळी, उणे करा, ३ वाढवले तर उणे ३, नाहीतर मोठ्या आवाजात तुकडे पडतात. 'स'साठी ४ ते १० किलोहर्ट्झ असा सूर हळूहळू चढवत न्या, जिथे एकदम उसळतो तिथे अरुंद फिल्टर, क्यू (फिल्टर किती अरुंद याचा आकडा) ३ ते ४, उणे ३ डेसिबल. फिल्टर टाकण्याआधी हेडफोन काढून दोन-तीनदा पुन्हा घाला. उसळी प्रत्येक वेळी दुसऱ्याच जागी येत असेल तर ती तुमच्या बसवण्याची आहे, तिच्यावर फिल्टर टाकू नका.

आकड्यांत बघायचं असेल तर तेही अवघड नाही. १२ मिलिमीटरच्या एमडीएफच्या तुकड्याला मध्यभागी मापाच्या छोट्या माइकएवढं भोक पाडा. उद्यमनगरात कोणत्याही वर्कशॉपला हे पाच मिनिटांचं काम आहे. माइकचं तोंड फळीच्या पातळीत आणा, भोवतीची फट मऊ क्लेने बुजवा, हेडफोनचा एक कप फळीवर ठेवा आणि आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ स्वीप, म्हणजे खालून वर चढत जाणाऱ्या सुराचं मोजमाप, घ्या. प्रत्येक पॅडसाठी कप उचलून पुन्हा ठेवत पाच वेळा. या आलेखाला कान नाही, नळी नाही, म्हणून तो इंटरनेटवरच्या आलेखांशी ताडून बघू नका. एका पॅडमधून दुसरा वजा केल्यावर उरणारा फरकच फक्त वाचायचा, तोही ८ किलोहर्ट्झपर्यंत. पाचांपैकी एखादा स्वीप खालच्या बाजूला वेगळा पडला तर तिथे कप नीट बसला नव्हता.

नवे पॅड तीन वर्षांऐवजी जास्त टिकावेत म्हणून थोडंसं. कृत्रिम चामडं म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर, आणि ओलाव्याने तो आतून तुटत जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कायम ओली, त्यात घाम आणि केसांचं तेल. वापरून झाल्यावर किंचित ओल्या सुती कापडाने पुसा, मग कोरड्याने. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावलं तर थर कडक होऊन लवकर तडकतो. ऊनही नको. पावसाळ्यात हेडफोन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकून ठेवा. खरं चामडं घेतलंत तर उलट काळजी घ्यावी लागते. ते ओलसर अवस्थेत बंद डब्यात गेलं की आठवड्यात पांढरी बुरशी धरतं, आधी पंख्याखाली वाळवावं लागतं. आत्ताचे वेलूरचे पॅड फेकू नका. साबणाच्या कोमट पाण्यात हाताने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून ठेवा. उन्हाळ्यात नुसतं फुटेज बघायला, कापाकापी करायला ते चामड्यापेक्षा गार असतात.

शेवटी एक काम तातडीचं आहे. वेलूरचे पॅड बसवल्यापासून तुम्ही जे व्हिडिओ मिक्स केलेत, त्यांत तुम्ही कानाला कमी पडणारा बास भरून काढला असणार आणि 'स' दाबला असणार. ग्राहकाच्या घरी टीव्हीवर किंवा गाडीत ते घुमेल आणि निवेदन बोथट वाटेल. ज्यांची फाइल अजून दिली नसेल ती मूळ पॅड बसेपर्यंत रोखून ठेवा. देणं भागच असेल तर जुना फाटका पॅड एका रात्रीपुरता परत चढवा, चष्मा काढा, आणि पॅड बदलण्याच्या आधी दिलेल्या एखाद्या चांगल्या मिक्सशी ताडून बास आणि निवेदन दोन्ही पुन्हा ठरवा.